म्यूटवरची लेझीम

दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या मराठी मंडळात खंडेराव पाटणकरांचा शब्द कुणी खाली पडू देत नाही, हे कुसुमावती मानेला चांगलं ठाऊक होतं. तरीही मार्चमधल्या सभेत तिनं तो सर्वांसमक्ष खाली पाडला.

विषय होता एक मेच्या कार्यक्रमाचा. महाराष्ट्र दिनाला कस्तुरबा गांधी मार्गावरच्या महाराष्ट्र सदनात मंडळाचा तासाभराचा कार्यक्रम असतो, आणि त्याची सुरुवात वर्षानुवर्षं खंडेरावांच्या लेझीम पथकानं व्हायची. खंडेराव कराडकडचे. सरकारी हिशेब तपासण्यात नोकरीची सगळी वर्षं गेली, पण ओळख राहिली ती हलगीवाले म्हणूनच. पुढे पथकातले काही बदलून गेले, काही निवृत्त होऊन पुण्याला परतले, उरलेल्यांच्या गुडघ्यांनी संप पुकारला. मग गेली दोन वर्षं लेझीमऐवजी मुलांची समूहगीतं होत होती. ही दिल्लीत वाढलेली मुलं मराठी गाणी अशा काही थाटात म्हणायची की पाहुण्यांना ती हिंदीच वाटायची, आणि टाळ्या मात्र आईबापांच्या जोरावर भरपूर पडायच्या.

कुसुमावती मंडळाची सांस्कृतिक सचिव. आजीचं नाव वागवणारी, केंद्राच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर असलेली, बेचाळिशीची बाई. ती सभेत उठली आणि म्हणाली की यंदा बायका लेझीम खेळतील. सांगलीच्या हेमांगीताई दर रविवारी ऑनलाईन शिकवतील, आपण बोलणी करून ठेवली आहेत.

खंडेरावांनी चष्मा काढला. ते चष्मा काढतात तेव्हा समोरच्यानं खाली बसायचं असतं.

“वहिनी, लेझीम कानानं शिकायची असते,” ते म्हणाले. “मोबाईलमध्ये बघून कवायत जमेल. लेझीम नाही जमणार.”

कुसुमावती बसली नाही. एकीची नोकरी मानेसरच्या कारखान्यात, एक राजेंद्र नगरात परीक्षेचा अभ्यास करतेय, दोघी नोएडाला, एक द्वारकेला. या सगळ्यांना दर आठवड्याला एका मैदानावर आणायचं तर लेझीम नको पण प्रवास आवरा म्हणतील, असं तिनं सुनावलं. ऑनलाईन नाहीतर नाहीच. आणि मग, बोलण्याच्या भरात, आमच्या बायकांना नीट जमलं नाही तर दोन मेपासून मी सांस्कृतिक सचिव नाही आणि मंडळात ऑनलाईन हा शब्द पुन्हा तोंडातून काढणार नाही, असंही ती म्हणून गेली. खंडेरावांनी चष्मा परत चढवला आणि एवढंच म्हणाले की कार्यक्रमाच्या दोन रविवार आधी बागेत एकदा मला करून दाखवा.

घरी आल्यावर नवऱ्यानं, नीरजनं, तिला विचारलं की पद पणाला लावायची काय गरज होती. तिनं विषय बदलला, कारण खरं उत्तर फार जुनं होतं. साताऱ्याजवळच्या तिच्या शाळेत लेझीम फक्त मुलांना मिळायची. पाहुणे आले की मुलं लेझीम खेळत पुढे जायची आणि मुली ओवाळायला ताटं घेऊन दारात उभ्या राहायच्या. कुसुमावतीनं दहावीपर्यंत ताट धरलं. निरांजन विझू नये म्हणून एक हात ज्योतीपाशी, आणि डोळे सगळे त्या लेझमीवर. तिला एकदा ती हातात घेऊन नाचायचं होतं. बाकी सगळं, म्हणजे महिलांना व्यासपीठ वगैरे, तिनं सभेत म्हटलं ते खरंच होतं, पण ते नंतरचं होतं.

वर्ग सुरू झाला. चौदा जणी, आणि पंधरावी कुसुमावती. मीटिंग चालवण्याचा सराव तिला ऑफिसात झालेला, त्यामुळे होस्ट तीच. रविवारी सकाळी स्क्रीनवर चौकोन उगवायचे आणि एका चौकोनात सांगलीच्या अंगणात उभ्या हेमांगीताई हसत असायच्या. पहिल्याच दिवशी घराघरांतल्या लेझिमा एकदम वाजल्या आणि ताईंनी कानांवर हात ठेवले. कुणाच्या मागे कुकर शिट्ट्या देत होता, कुणाचा दीर फोनवर बोलत होता. कुसुमावतीनं बटण दाबून सगळ्यांना म्यूट केलं. त्या दिवसापासून ते बटण तिच्या बोटाखालीच राहिलं.

आवाजाचा त्रास तेवढ्यानं संपला नाही. सरकारी क्वार्टरमध्ये खालचा माणूस वरच्या माणसाचं सगळं ऐकत असतो. कुसुमावतीच्या खालचे भट्टाचार्य बाबू दुसऱ्याच रविवारी, तिनं पहिली दोन पावलं टाकताच, वर आले आणि अतिशय सभ्यपणे विचारून गेले की आपल्याकडे साखळदंड कशाला आणले आहेत. मग तिनं नीरजचे जुने मोजे काढून लेझमीच्या चकत्यांवर चढवले. युक्ती तिनं ग्रुपवर टाकली आणि आठवड्याभरात सगळ्या लेझिमांनी मोजे घातले. बीडची नसरीन पठाण, जी राजेंद्र नगरात राहून नागरी सेवेची तयारी करत होती, तिला तर तेही शक्य नव्हतं, कारण तिच्या पीजीमध्ये शिंकलं तरी शेजारची मुलगी भिंत ठोठावायची. नसरीन इंग्रजी पेपर गुंडाळून त्यावर सराव करायची. आधी वाचायची, मग नाचवायची.

तरी प्रगती होत होती. ताई “शाबास” म्हणायच्या, चौकोन डुलायचे. मानेसरच्या वैभवीचं तर विशेष कौतुक व्हायचं. ती गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात माल तपासायची, केसाएवढी चीर असली तरी तिच्या नजरेतून सुटायची नाही, आणि ताईंचा हात कुठे वळतो, पाय कसा पडतो हे ती तसंच्या तसं उचलायची. कुसुमावती हे सगळं अभिमानानं बघायची. उशिरा आलेलीला आत घ्यायची, गळून पडलेलीला परत जोडायची, कुणी चुकून आवाज चालू केला की म्यूट करायची. वर्ग इतका सुरेख चालला होता की खंडेरावांना काय उत्तर द्यायचं, ते ती पोळ्या लाटताना मनात घोळवायची.

ठरलेल्या रविवारी सकाळी सगळ्या बागेत जमल्या. पहिला अर्धा तास नुसता ओळखण्यात गेला, कारण इतके दिवस त्यांनी एकमेकींना छातीपर्यंतच पाहिलं होतं. नसरीन एवढी उंच असेल असं कुणाला वाटलं नव्हतं, आणि वैभवी एवढी बुटकी असेल असंही. मोजे काढले गेले. नसरीनच्या हातात पहिल्यांदाच खरी लेझीम आली आणि पेपरपेक्षा ही केवढी जड आहे, म्हणून ती हसायला लागली. खंडेराव प्लास्टिकची घडीची खुर्ची घेऊन आले, कडुलिंबाखाली बसले, आणि चष्मा पुसून म्हणाले, “चला, करा सुरू.”

कुसुमावतीनं शिट्टी फुंकली.

पुढे जे झालं त्याला लेझीम म्हणणं लेझमीवर अन्याय होईल. अर्ध्या बायका उजवीकडे गेल्या, अर्ध्या डावीकडे, आणि मधोमध सगळ्या एकमेकींवर आदळल्या. वैभवीच्या लेझमीची साखळी नसरीनच्या ओढणीत अडकली. द्वारकेच्या बाईंचा चष्मा गवतात पडला. आणि आवाज असा की भांड्यांचं कपाट जिन्यावरून खाली सोडावं. प्रत्येकीचा ठोका वेगळा. फिरायला आलेली माणसं थांबली, एका काकांनी विचारलं, “कोई झगड़ा हुआ क्या?”

पुन्हा केलं. पुन्हा तेच झालं, फक्त या वेळी चष्मा आधीच काढून ठेवला होता.

खंडेराव हसले नाहीत. ते हसले असते तर कुसुमावतीला भांडता आलं असतं. ते उठून जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले की वहिनी, मेहनत दिसते आहे, पण आता हट्ट नको. मुलांची गाणी ठेवू. पदाचं बोलणं मी मनावर घेतलेलं नाही, तुम्हीही घेऊ नका. एवढं बोलून ते खुर्ची घडी घालायला गेले. भांडण कुसुमावतीनं सहज पचवलं असतं, ही दया तिला झेपेना. पुन्हा एकदा आपल्या हातात ताटच येणार, असं तिच्या मनात आलं.

इकडे ओढणी फाटल्यामुळे नसरीन आणि वैभवीची जुंपली होती.

“मी बिल्कुल ताईंसारखंच करतेय,” वैभवी म्हणाली. “डोळ्यात तेल घालून बघितलंय मी. ताई या बाजूला जातात.”

“ताई उजवा म्हणतात, यार. उजवा म्हणजे हा,” नसरीननं हात हलवून दाखवला. “मी कधी बघतच नाही. क्लासमध्ये सर बोलतात आणि मी लिहिते, तीच सवय लागलीय. मी फक्त ऐकते.”

“मग करून दाखव.”

“तू दाखव.”

दोघी पदर-ओढणी खोचून एकमेकींच्या समोर उभ्या ठाकल्या आणि रागारागानं, एकाच वेळी, पहिल्यापासून करू लागल्या. नसरीन उजवीकडे गेली. वैभवी डावीकडे गेली. आणि दोघीही झोपाळ्याकडेच गेल्या. मग नसरीन डावीकडे वळली, वैभवी उजवीकडे, आणि दोघी कडुलिंबाकडे आल्या. हात एकदम वर, एकदम खाली. त्या एकमेकींकडे खाऊ की गिळू अशा बघत होत्या, त्यामुळे आपण काय करतोय हे त्यांना दिसतच नव्हतं.

कुसुमावतीला ते दिसलं.

“थांबू नका,” ती म्हणाली. “अशाच करा. अशाच समोरासमोर.”

मग तिला उलगडा झाला. ताई कॅमेऱ्याकडे तोंड करून उभ्या राहायच्या. ज्यांनी ऐकून केलं त्या आपल्या उजवीकडे गेल्या, ज्यांनी बघून केलं त्या आरशातल्यासारख्या डावीकडे गेल्या, आणि एकमेकींचे चौकोन बोटाएवढे असल्यानं कुणाचं कुणाला कळलं नाही. तिनं तिथल्या तिथे सांगलीला फोन लावला. हेमांगीताई ऐकून म्हणाल्या, “अगं बाई. मला वाटायचं काहींचे कॅमेरे उलटं दाखवतात.”

ऐकणाऱ्या सहा निघाल्या, बघणाऱ्या आठ. कुसुमावतीनं दोन्ही रांगा समोरासमोर उभ्या केल्या आणि शिट्टी दिली. यावेळी कुणी कुणावर आदळलं नाही. आख्खी लेझीम एका बाजूला झुकली, एका बाजूला आली. दिसायला फार छान दिसत होतं. ऐकायला मात्र भांडी अजून जिन्यावरूनच येत होती.

खंडेरावांची घडी घातलेली खुर्ची हातातच राहिली होती. त्यांची बोटं तिच्या पाठीवर आपोआप वाजायला लागली. आधी हळू, मग जोरात, मग त्यांनी खुर्ची गवतात आडवी टाकली, उकिडवे बसले आणि दोन वाळक्या काटक्या घेऊन त्या प्लास्टिकवर हलगीचा असा काही ठेका धरला की झगडा बघायला थांबलेले काकासुद्धा मान डोलावू लागले.

“हलू नका,” ते ओरडले. “आधी ऐका. डोळे मिटा सगळ्यांनी. तुमच्या हातातली नुसती वाजवत सुटू नका, शेजारणीची ऐका आणि तिच्यात आपली मिसळा.”

इतके रविवार एकत्र शिकलेल्या त्या बायकांनी एकमेकींची लेझीम आज पहिल्यांदा ऐकली. आधी दोघींचं जुळलं, मग चौघींचं. बराच वेळ गेला, उन्हं वर आली, आणि मग कधीतरी चौदा लेझिमांचा मिळून एकच छन् असा आवाज आला. द्वारकेच्या बाई डोळे मिटूनच हसल्या.

खंडेरावांनी काटक्या टाकल्या, घाम पुसला. “जमेल,” ते म्हणाले, आणि जणू त्यांनी कधी वेगळं काही म्हटलंच नव्हतं अशा सुरात पुढे म्हणाले, “बरं वहिनी, तुम्ही कुठल्या रांगेत? बघणाऱ्या की ऐकणाऱ्या?”

कुसुमावतीनं लेझीम उचलली, सहा जणींच्या रांगेत जाऊन उभी राहिली, एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं. तिसरं तिला माहीत नव्हतं. चौथंही. तिनं आठवायचा प्रयत्न केला तर तिला फक्त आत यायची परवानगी मागणारी नावं आठवली. वैभवी कधी जोडली जायची, नोएडाचं नेट कधी तुटायचं, हे सगळं तिला पाठ होतं. लेझीम तिला येत नव्हती. सगळ्यांचा वर्ग चालावा म्हणून ती सगळे रविवार दारातच उभी राहिली होती.

ती हसायला गेली आणि तिला रडू आलं. तिनं ते लपवलं नाही. बाजूला होऊन तिनं खंडेरावांना सांगून टाकलं की काका, मला येत नाही, मी शिकलेच नाही. तुम्ही म्हणाल तर मी शिट्टी वाजवते, नाहीतर ओवाळणीचं ताट धरते, त्याची मला सवय आहे. खंडेरावांना ताटाचा संदर्भ कळला नाही, पण बाईचा चेहरा कळला. “ऑफिसातून किती वाजता सुटता?” त्यांनी विचारलं.

पुढचे दोन आठवडे रोज संध्याकाळी मंत्रालयाच्या बसमधून उतरून कुसुमावती थेट बागेत जायची. खंडेराव वेळेआधी आलेले असायचे. तिला वाटलं होतं ते समोर उभे राहून दाखवतील. ते समोर आलेच नाहीत. ते तिच्या शेजारी, तिच्याच दिशेला तोंड करून उभे राहिले आणि म्हणाले की माझ्या बापानं मला असंच शिकवलं. शेजारी उभं राहिलं की डावं कुठलं आणि उजवं कुठलं, हे विचारावं लागत नाही. ते चालायचे आणि ती चालायची. गुडघा दुखला की ते बाकावर बसून तोंडानं ठेका द्यायचे. ती चुकली की ओरडायचे, आणि बरोबर आली की काहीच बोलायचे नाहीत, यावरून तिनं ओळखायचं. शेवटच्या संध्याकाळी ते बराच वेळ काहीच बोलले नाहीत. घरी येताना ती जिन्यात लेझमीचा एक ठोका देऊनच वर गेली. भट्टाचार्य बाबूंचं दार किलकिलं झालं आणि आतून विचारलं गेलं की कार्यक्रम कुठे आहे, आम्ही आलो तर चालेल का.

एक मेच्या संध्याकाळी सदनाच्या आवारात मांडव भरला होता. उन्हानं तापलेली फरशी पाण्यानं भिजवून घेतली होती. बायकांनी केशरी फेटे बांधले होते. नसरीनचा फेटा वैभवीनं बांधून दिला आणि तपासूनही दिला. पहिल्या रांगेत नीरज मोबाईल उंच धरून उभा होता, त्यात सांगलीच्या हेमांगीताई होत्या. भट्टाचार्य पती-पत्नी कोपऱ्यात बसले होते. खंडेरावांनी हलगी शेकून आणली होती. त्यांनी टिपरू उचललं आणि कुसुमावतीकडे पाहिलं.

एका रांगेत सात, एका रांगेत आठ. हलगी कडाडली आणि पंधरा लेझिमा एका आवाजात बोलल्या. सगळ्या जणी एका बाजूला झुकल्या, एका बाजूला आल्या, मांडवातून “वा” असा आवाज उठला. मध्येच, जलद ठेक्यात, कुसुमावतीचा पाय चुकला. समोर बघावं तर समोरची बाजू उलटी. म्हणून तिनं बघितलंच नाही. डावीकडून नसरीनची लेझीम ऐकू येत होती, समोरून वैभवीची, आणि त्यांच्या मधोमध एका ठोक्याएवढी जागा रिकामी होती. ती जागा तिची होती. तिनं तिथे आपली लेझीम मिसळली आणि पुन्हा खेळू लागली.

संपलं तेव्हा टाळ्या पडल्या, आणि त्या फक्त आईबापांच्या नव्हत्या. खंडेराव हलगी काखेत मारून आले, कुसुमावतीपुढे थांबले आणि काहीच बोलले नाहीत. ती समजली. मग मात्र त्यांना राहवलं नाही. दोन तारखेला सभा आहे, ते म्हणाले, सांस्कृतिक सचिवांनी वेळेवर यावं, पुढच्या वर्षीच्या वर्गाचं बोलायचंय. आणि रविवारच्या त्या ऑनलाईनमध्ये मला कसं शिरायचं तेही जरा दाखवा, म्हणजे सगळ्यांना ठेका तरी एकच मिळेल.

तोवर सगळ्या जणी नीरजच्या हातातल्या मोबाईलभोवती गोळा झाल्या होत्या. हेमांगीताईंच्या टाळ्या अजून चालूच होत्या, सांगलीहून त्या थोड्या मागून पोचत होत्या. पंधरा जणी एकदम बोलत होत्या, हसत होत्या, कुणी कुणाच्या गळ्यात पडत होतं, लेझिमा नुसत्या हलल्या तरी वाजत होत्या. मोबाईलमधून ताई काहीतरी सांगू बघत होत्या.

“अगं, मला काही ऐकू येईना,” शेवटी त्यांचा आवाज आला. “कुसुमताई, सगळ्यांना म्यूट करा जरा.”

कुसुमावतीचं बोट सवयीनं पुढे झालं. मग तिनं ते मागे घेतलं आणि लेझीम घट्ट धरली.

“आज नाही, ताई,” ती म्हणाली. “आज आमचा आवाज ऐका.”